निळ्या रेषेवरचा मुलगा

२०१६-१७चा हंगाम संपला, तेव्हा कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच या आइस हॉकी संघाच्या खात्यात ८२ सामन्यांतून फक्त २२ विजय आणि ४८ गुण होते. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, त्या वर्षी याहून वाईट कामगिरी कुणाचीच नव्हती. तळाला राहिलेल्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिला खेळाडू निवडण्याची सर्वांत जास्त शक्यता मिळते. पण अखेरचा क्रम सोडतीने ठरतो, आणि सोडतीतही कोलोरॅडोचं नशीब फिरलं. पहिला क्रमांक हुकला, दुसरा हुकला, तिसराही हुकला. जून २०१७ मध्ये शिकागोत चौथ्या पाळीला त्यांनी कॅल्गरीच्या केल मकारचं नाव पुकारलं. खेळायचा बचावफळीत, पण ब्रुक्स बँडिट्सकडून अल्बर्टा प्रांतातल्या दुय्यम दर्जाच्या लीगमध्ये त्याने ५४ सामन्यांत ७५ पॉइंट (स्वतःचे गोल आणि दुसऱ्यांच्या गोलांना लावलेला हातभार मिळून) केले होते. पाच वर्षांनी कोलोरॅडोने एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅन्ले कप जिंकला आणि बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक मकारला मिळाला.

आज ती निवड अगदी उघड वाटते. तेव्हा मात्र तिच्यावर शंका घ्यायला पुरेपूर जागा होती. आक्रमक वृत्तीचा, अठरा वर्षांचा बचावपटू पारखणं हे हॉकीच्या स्काउटांपुढचं, म्हणजे गुणी खेळाडू हेरणाऱ्यांपुढचं, सर्वांत अवघड काम आहे. सर्वांत मोठे विजय आणि सर्वांत जिव्हारी लागणाऱ्या चुका इथेच होतात. चुका होतात त्या बहुतेक वेळा एकाच कारणाने: या मुलाने किती पॉइंट केले हे सगळे पाहतात, ते कसे झाले याकडे पुरेसं लक्ष जात नाही.

भारतीय प्रेक्षकाला गोल करणारा बचावपटू नवा नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचा कर्णधार हरमनप्रीतसिंग बचावफळीत खेळूनही १० गोलांसह स्पर्धेत अव्वल ठरला. पण त्याचे गोल पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवरचे, म्हणजे खेळ थांबवून मिळालेल्या संधीचे. बर्फावरच्या हॉकीत बचावपटूचं आक्रमण वाहत्या खेळातून उभं राहतं. एका वेळी गोलरक्षकासोबत पाच खेळाडू उतरतात: तीन आघाडीचे, दोन बचावाचे. रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीची सीमा म्हणजे बर्फावर आखलेली निळी रेषा. आक्रमण रंगात आलं की दोन्ही बचावपटू या रेषेच्या आत येऊन उभे राहतात. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, रेषेबाहेर निसटू द्यायचा नाही, नेम धरायचा, आघाडीच्या खेळाडूंना वाटा उघडून द्यायच्या. आणि पक हरवला, तर पुढच्या क्षणी त्यांच्या पाठीमागे अर्धीअधिक रिंक रिकामी असते. दोन्ही टोकांची ही जबाबदारी एकाच माणसावर येते, म्हणून त्याची पारखही अवघड.

आक्रमक बचावपटूची कल्पना रुजवली ती बॉबी ऑरने. बोस्टन ब्रुइन्सने १९६२ मध्ये, तो चौदा वर्षांचा असतानाच, त्याला करारात बांधून घेतलं. एनएचएलचा पहिला ड्राफ्ट मॉन्ट्रियलमध्ये झाला तो त्याच्या पुढच्या वर्षी. १९७०-७१च्या हंगामात ऑरने १३९ पॉइंट केले. संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक पॉइंट करण्याचा मान त्याने दोनदा मिळवला, आणि बचावफळीतल्या दुसऱ्या कुणालाही तो आजवर मिळालेला नाही. पुढे पॉल कॉफीने १९८५-८६च्या एका हंगामात ४८ गोल केले. तरीही अशा खेळाडूंकडे अपवाद म्हणूनच पाहिलं जाई. धिप्पाड, अंगावर जाणारा, आपल्या गोलपुढची जागा मोकळी ठेवणारा गडी हाच बचावपटूचा नमुना होता.

हे चित्र बदललं २००५ मध्ये. त्याआधी आपल्या हद्दीतून थेट मध्यरेषेपलीकडे पास देता येत नसे. तो नियम गेला. स्टिकने अडकवणं, हाताने धरून ठेवणं यांवर पंचांनी कडक शिक्षा सुरू केली. एकाएकी मोठ्या देहाची किंमत उतरली आणि पाय, नजर, लांब पास यांची चढली. आजचे सगळे लहानखुरे, चपळ बचावपटू त्या नियमबदलांचे लाभार्थी आहेत.

आता आकड्यांकडे. हॉकीत गोल करणाऱ्याला एक पॉइंट मिळतो, आणि त्याआधी पक सोपवणाऱ्या दोघांपर्यंत प्रत्येकाला एकेक; या सोपवण्याला असिस्ट म्हणतात. त्यामुळे बचावपटूने मागून साधा सरळ पास दिला, पुढे दुसऱ्याने तिघांना चकवलं, तिसऱ्याने गोल केला, तरी हिशेबाच्या वहीत तिघांची नोंद सारखीच. शिवाय प्रतिस्पर्धी खेळाडू शिक्षेवर बाहेर बसलेला असताना पाचविरुद्ध चार असा जो पॉवर प्ले मिळतो, त्यात निळ्या रेषेवर उभा असलेला बचावपटू आक्रमणाचा सूत्रधार असतो. चांगल्या कनिष्ठ संघात ही जागा मिळाली की पॉइंट भराभर जमतात. एनएचएलमध्ये मात्र प्रत्येक संघाच्या पहिल्या पॉवर प्लेवर बहुधा एकच बचावपटू असतो. ती जागा मिळाली नाही तर हा मुलगा काय करेल, हा प्रश्न स्काउटने विचारायलाच हवा.

ब्रायन फोगार्टीचं नाव इथे घ्यावंच लागतं. क्विबेक नॉर्डिक्सने १९८७ मध्ये त्याला नवव्या क्रमांकावर निवडलं. दोन वर्षांत त्याने कॅनडाच्या कनिष्ठ हॉकीत एका हंगामात १५५ पॉइंट केले. बचावपटूसाठी हा आकडा अचाट होता. एनएचएलमध्ये तो एकूण १५६ सामने खेळला. दारूच्या व्यसनाशी त्याची झुंज सर्वांना ठाऊक होती, आणि २००२ मध्ये, जेमतेम बत्तिशीत, तो गेला. त्याच ड्राफ्टमध्ये सहा जागा मागे क्विबेकनेच निवडलेला जो साकिक पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. फोगार्टीच्या गुणवत्तेबद्दल कुणाला शंका नव्हती. पण अठरा वर्षांच्या मुलाला घरापासून दूर, मोठ्या अपेक्षांच्या ओझ्याखाली पाठवताना त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार, हा पारखीचाच भाग आहे, आणि त्या काळात संघ याचा फारसा विचार करत नसत.

आकडे कुठे जमवले, हाही मुद्दा तितकाच मोठा. कॅनडातल्या तीन प्रमुख कनिष्ठ लीग, अमेरिकेची विद्यापीठं, स्वीडन-फिनलंडमधले प्रौढांचे संघ, रशियाची केएचएल: प्रत्येक ठिकाणचा पॉइंट वेगळ्या वजनाचा. गेब्रियल डेझार्डिन्स या विश्लेषकाने लीग बदलल्यावर खेळाडूंचे पॉइंट किती घटतात याचा हिशेब मांडून प्रत्येक लीगला एक गुणक दिला. आज जवळपास सगळेच विश्लेषक अशा गुणकांवर हिशेब करतात. पण गुणक सरासरी सांगतो, माणूस सांगत नाही. मकार ज्या अल्बर्टा लीगमध्ये खेळला, ती प्रमुख कनिष्ठ लीगच्या एक पायरी खालची. तिथे तो खेळला याचं कारण होतं: प्रमुख कनिष्ठ लीगमध्ये उतरलेल्या मुलाला तेव्हाच्या नियमांनुसार अमेरिकी विद्यापीठाकडून खेळता येत नसे, आणि मकारला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जायचं होतं. नुसत्या गुणकाने मोजलं असतं तर त्याची किंमत कमीच भरली असती.

त्यात आणखी एक गुंता होता. ड्राफ्टसाठी वयाची सीमारेषा १५ सप्टेंबर आहे. त्या तारखेपर्यंत अठरा पूर्ण झालेली मुलं पात्र ठरतात. मकारचा जन्म ३० ऑक्टोबर १९९८चा, म्हणजे आपल्या तुकडीतल्या थोरल्यांपैकी एक. दुबळ्या लीगमध्ये, वयाने मोठा असताना जमवलेले पॉइंट अशी टीका त्याच्यावर सहज करता येत होती. २०१८च्या ड्राफ्टमध्ये सातवा गेलेला क्विन ह्यूज आणि दहावा गेलेला एव्हन बुशार्ड हे दोघंही ऑक्टोबर १९९९चे. आधीच्या वर्षीची सीमारेषा दोघांचीही काही आठवड्यांनी हुकलेली. एक जादा वर्ष मिळाल्याने दोघांबद्दलचा पुरावा भरपूर होता. बुशार्डने कॅनडाच्या कनिष्ठ हॉकीतल्या लंडन नाइट्सकडून त्या हंगामात ८७ पॉइंट केले होते. ह्यूज मिशिगन विद्यापीठात आपल्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या खेळाडूंशी भिडत होता.

याच्या दुसऱ्या टोकाला मॅथ्यू शेफर. जन्म ५ सप्टेंबर २००७. दहा-अकरा दिवस उशिरा जन्मला असता तर २०२५ ऐवजी २०२६च्या ड्राफ्टमध्ये गेला असता. त्यातच डिसेंबर २०२४ मध्ये जागतिक कनिष्ठ स्पर्धेत गळपट्टीचं हाड मोडलं. ईरी ऑटर्सकडून त्या हंगामात तो फक्त १७ सामने खेळला आणि त्यांत २२ पॉइंट केले. इतक्या तुटपुंज्या पुराव्यावर न्यूयॉर्क आयलंडर्सने त्याला थेट पहिल्या क्रमांकावर निवडलं, आणि त्याच ऑक्टोबरात तो एनएचएलमध्ये खेळू लागला. १७ सामन्यांवर त्यांनी विश्वास कसा ठेवला? कारण त्यांनी फक्त पॉइंट मोजले नव्हते. त्याचं स्केटिंग, पक घेऊन वर येण्याची धमक आणि पक हरवल्यावर मागे परतण्याची घाई या गोष्टी एकेका सामन्यात वीस-वीस वेळा दिसतात. गोल आठवड्यात एकदा होतो, पाय मात्र दर पाळीत दिसतात.

वयाबद्दल संशोधनही झालं आहे. २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं, की कॅनडात वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या खेळाडूंना संघ त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानाने बरंच उशिरा निवडत आले आहेत. लहानपणच्या स्पर्धांचा वयोगट जानेवारीपासून मोजला जातो. त्यामुळे जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा मोठा, दणकट दिसतो आणि स्काउटच्या नजरेत भरतो. बचावपटूंच्या बाबतीत हा नजरेचा दोष अधिकच महाग पडत असणार, कारण या जागेवर शरीर आणि समज दोन्ही उशिरा पिकतात.

शरीराचा विषय निघाला की लेन हटसनचं उदाहरण समोर येतं. २०२२च्या ड्राफ्टआधी त्याची उंची ५ फूट ८ इंच भरली. त्याची वाढ अजून व्हायची आहे असं सांगणारा डॉक्टरांचा अहवाल घेऊनच तो संघांच्या मुलाखतींना गेला होता. तरी पहिल्या फेरीत त्याचं नाव कुणी घेतलं नाही. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने त्याला ६२व्या क्रमांकावर निवडलं. २०२४-२५ मध्ये, एनएचएलच्या पहिल्याच पूर्ण हंगामात, त्याने ६६ पॉइंट केले. त्यांतल्या ६० असिस्टनी नवोदित बचावपटूंच्या विक्रमाशी बरोबरी केली. तो विक्रम १९८०-८१ पासून लॅरी मर्फीच्या नावावर होता. सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडकही हटसनलाच मिळाला. अ‍ॅडम फॉक्सची गोष्ट अशीच: २०१६ मध्ये ६६वा, आणि २०२१ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक. टोरी क्रुग या अशाच लहानखुऱ्या बचावपटूला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं.

ही चूक इतक्यांदा का होते, याचं एक कारण पद्धतीत आहे. ड्राफ्टआधी निवडक खेळाडूंची तपासणी होते. उंची, वजन, हातांचा पसारा, पुलअप, सायकलवरची दमछाक, संघांच्या मुलाखती, सगळं होतं. बर्फावर मात्र त्यांना उतरवलं जात नाही. म्हणजे आक्रमक बचावपटूचं जे मूळ भांडवल, ते त्या आठवड्यात मोजलंच जात नाही, आणि जे मोजता येतं त्याचं वजन आपोआप वाढतं. हे बदलायला हवं.

मग जाणता स्काउट काय पाहतो? तो मुलाच्या गोलांची चित्रफीत बाजूला ठेवतो आणि त्याच्या स्वतःच्या हद्दीतला कोपरा पाहतो. प्रतिस्पर्ध्याने पक कोपऱ्यात भिरकावला आहे, त्यांचे दोन खेळाडू वेगाने अंगावर येत आहेत, आणि हा मुलगा त्यांच्याकडे पाठ करून पक आणायला निघाला आहे. पकपर्यंत पोहोचण्याआधी त्याने खांद्यावरून मागे पाहिलं का? एकदा पाहिलं की दोनदा? डावीकडे वळण्याचा आव आणून उजवीकडे वळला का? पहिला पास साथीदाराच्या स्टिकवर पडला, की भिंतीला आपटून प्रतिस्पर्ध्याकडे गेला? आक्रमणाची सुरुवात इथे होते. निळ्या रेषेवर कितीही जादू असली, तरी कोपऱ्यात गडबडणाऱ्या मुलाला प्रशिक्षक फार वेळ बर्फावर ठेवत नाही. उलट हटसन आणि ह्यूज यांनी उंचीवर मात केली ती इथेच: धक्का बसण्याआधी ते तिथून निघालेले असतात.

दुसरी कसोटी उलट दिशेची. प्रतिस्पर्धी पक घेऊन वेगाने येतो, बचावपटू तोंड त्याच्याकडे ठेवून उलटा सरकत जातो. दोघांमधलं अंतर फार ठेवलं तर समोरच्याला नेम धरायला मोकळीक मिळते. फार कमी केलं तर तो बाजूने निसटतो. चांगला स्केटर हे अंतर धीटपणे कमी ठेवू शकतो, कारण चुकलं तरी वळून गाठण्याचा वेग त्याच्या पायांत असतो. म्हणून ‘याला बचाव येत नाही’ या शेऱ्याचे दोन अर्थ वेगळे करावे लागतात. कुठे उभं राहायचं हे न कळणं प्रशिक्षणाने सुधारतं. पायच संथ असले तर फारसं काही करता येत नाही. एरिक कार्लसन २००८ मध्ये १५वा निवडला गेला, तेव्हा त्याच्या किरकोळ अंगकाठीवर आणि बचावावर शंका होत्या. चार वर्षांत त्याने नॉरिस मिळवला, पुढे २०१५ आणि २०२३ मध्येही. २०२२-२३ मध्ये त्याचे १०१ पॉइंट झाले. १९९१-९२ नंतर बचावपटूने शंभरी गाठलेली ती पहिलीच वेळ. त्याच्या बचावावरची चर्चा तेव्हाही संपली नव्हती.

प्रत्येक संघाला आखूडशिंगी आणि बहुदुधी गाय हवी असते. ती क्वचितच मिळते, आणि तिच्या शोधात संघ विचित्र निर्णय घेतात. २०१२च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या दहांपैकी आठ बचावपटू होते. चौथ्या क्रमांकाचा उंचापुरा ग्रिफिन राइनहार्ट एनएचएलचे ३७ सामने खेळला. पाचव्या क्रमांकाचा मॉर्गन रायली गुडघ्याच्या दुखापतीने त्या हंगामात बहुतेक काळ बाहेर होता. टोरंटोने धीर धरला आणि तो तिथला बचावाचा आधार झाला. आठव्या क्रमांकाचा डेरिक पूलियो कनिष्ठ हॉकीत पॉवर प्ले गाजवत असे, पण एनएचएलमध्ये त्याला स्थिर जागा मिळाली नाही. आणि तिसऱ्या फेरीत, ७८व्या क्रमांकावर, फिलाडेल्फियाने शेन गॉस्टिसबेहेर निवडला. पुढे नवोदित बचावपटू म्हणून सलग १५ सामन्यांत पॉइंट करण्याचा विक्रम त्याने केला.

२०२४च्या ड्राफ्टमध्ये, लास वेगासच्या ‘स्फियर’मध्ये, हा पेच अगदी शेजारी-शेजारी मांडला गेला. नवव्या क्रमांकावर कॅल्गरी फ्लेम्सने झेन पारेख निवडला: सॅगिनॉ स्पिरिटकडून ६६ सामन्यांत ३३ गोल, ९६ पॉइंट. दहाव्या क्रमांकावर न्यू जर्सी डेव्हिल्सने अंतोन सिलायेव्ह निवडला: ६ फूट ७ इंच उंच, रशियाच्या केएचएलमध्ये ६३ सामन्यांत ११ पॉइंट. एकाचे पॉइंट मुलांमधले, दुसऱ्याचे प्रौढांमधले. एकाबद्दल विचारलं जात होतं, हा बचाव करेल का. दुसऱ्याबद्दल, हा पक पुढे नेईल का. पारेख पुन्हा सॅगिनॉला गेला आणि ६१ सामन्यांत १०७ पॉइंट करून आला. एप्रिल २०२५ मध्ये कॅल्गरीकडून पहिल्याच सामन्यात त्याने गोलही केला. पण ज्यांनी त्याच्यावर शंका घेतली होती, त्यांचा प्रश्न गोलाचा नव्हताच. त्याचं उत्तर पुढच्या काही हंगामांत, एनएचएलच्या आघाडीवीरांसमोर, स्वतःच्या कोपऱ्यात मिळेल.

निवडीनंतरची एक गोष्ट संघांनी अलीकडे ओळखली आहे. आक्रमक बचावपटू एकटा खेळत नाही. त्याच्या बाजूला कोण आहे यावर त्याची किंमत ठरते. ओटावात कार्लसन वर धावत असे, तेव्हा मार्क मेथो मागे थांबून घर सांभाळायचा. कोलोरॅडोने ऑक्टोबर २०२० मध्ये आयलंडर्सकडून डेव्हन टेव्हज घेतला, तोही दुसऱ्या फेरीच्या दोन निवडींच्या बदल्यात. टेव्हज स्वतः उत्तम स्केटर, पण त्याचं खरं काम वेळेवर मागे असणं. तो आल्यावर मकारला मोकळेपणाने वर जाता आलं, आणि दुसऱ्याच हंगामात स्टॅन्ले कप कोलोरॅडोच्या घरी, डेन्व्हरला आला.